सव्वा मूठ गहू

मी जग सुधारायला निघाले आहे, असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. नवऱ्यानं फक्त "गोळ्या घेतल्यास का?" एवढं विचारलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. छत्री घरीच राहिली, हे मला पुणं मागे पडल्यावर समजलं. श्रावण चालू होता आणि मी तीन दिवसांसाठी खानदेशात निघाले होते.

कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून मी वादविवादांना अध्यक्ष म्हणून जाते. काम सोपं असतं. घंटी वाजवायची, पाणी प्यायचं आणि शेवटी "दोन्ही बाजू तुल्यबळ होत्या" असं म्हणून हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवायचा. या वेळचा विषय होता, 'जग सुधारायचं कुणी: माणसानं की समाजानं?' पहिली फेरी शनिवारी जळगावला, दुसरी सोमवारी धुळ्याला, आणि निकाल धुळ्यात. जगाला एवढा उशीर झालाच आहे, तर आणखी दोन दिवसांनी काय बिघडणार होतं?

जळगाव स्टेशनबाहेर केळ्यांच्या हातगाड्या होत्या आणि मला न्यायला आलेले नाना होते. नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. 'आधी माणूस बदलला पाहिजे' ही बाजू ते मांडणार होते. त्यांच्या समोर त्यांचेच धाकटे भाऊ, आबा. एसटीतून निवृत्त झालेले, जन्मभर संघटनेत काम केलेले. त्यांच्या मते आधी समाज बदलल्याशिवाय माणूस बदलणं शक्यच नाही. हे दोघे भाऊ गेली कित्येक वर्षं गावोगाव हाच वाद घालत हिंडतात. राहतात मात्र शेजारी शेजारी, एकाच भिंतीला टेकून.

दुपारी जेवायला शेवभाजी होती. तिखटाबद्दल मला सावध केलं होतं, पण मी पडले पुणेकर, सांगितलेलं ऐकते कुठे! दोन वाट्या खाल्ल्या आणि तशीच व्यासपीठावर जाऊन बसले. नाना बोलायला उभे राहिले. "मुलगी म्हणजे परक्याचं धन, हे वाक्य प्रत्येकानं आधी आपल्या मनातून पुसलं पाहिजे," असं ते म्हणाले तेव्हा माझ्या नाकाडोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. संयोजकांनी आभार मानताना सांगितलं की, अध्यक्षांनाही अश्रू आवरले नाहीत. आबांना ते फार लागलं. त्यांनी संध्याकाळी मला बाजूला घेऊन, निकाल भावनेवर लागू नये, अशी विनंती केली.

रविवार मोकळा होता. "आमच्याकडे कानबाई आहे, घरी चला," असं दोघांनी म्हटलं. कानबाई हा खानदेशातला श्रावणातला मोठा सण. नारळाला डोळे, नथ, साडीचोळी करून देवीला पाटावर बसवतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर पोचवतात. परगावी गेलेले लोक दिवाळीला येणार नाहीत, पण कानबाईला येतात, असं नानांनी अभिमानानं सांगितलं.

सकाळच्या गाडीनं आम्ही नरडाण्याला निघालो. जळगावच्या आसपास केळीच्या बागा होत्या. पुढे कपाशी आणि मका सुरू झाला. पाऊस नुकताच पडून गेलेला, काळी माती फुगून वर आलेली. दोघे भाऊ समोरासमोरच्या बाकांवर बसले आणि वाद तिथेच सुरू झाला. आबांनी हात उडवत क्रांतीचा मुद्दा मांडला. त्यांची पिशवी शेजारच्या जागेवर होती. अमळनेरला चढलेल्या एक बाई ते ऐकत थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"जग मंग सुधारा, भाऊ, पहिले थैली उचला," त्या म्हणाल्या.

आबांनी पिशवी उचलली. बाई बसल्या आणि मला शेंगा दिल्या.

नरडाण्याहून रिक्षानं गावात पोचलो तर घरात गुळाचा वास भरला होता. नानांची बायको, जिला सगळे नानी म्हणतात, परातीसमोर बसून पीठ चाळत होती. शेजारी तिची मुलगी सारिका चुलीत काटक्या सारत होती. सारिका तिशी ओलांडलेली, औषधनिर्माण शिकलेली. लग्न झालं होतं, मग घटस्फोट झाला, आणि आता ती आईवडिलांकडे राहत होती. मंगळवारी सुरतेला निघणार होती; तिथल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती.

तिनंच मला रोटांचं शास्त्र समजावून दिलं. रोट म्हणजे गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेची जाड पोळी, कानबाईचा नैवेद्य. त्यासाठी शनिवारी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. मग ते सगळे दळून आणायचे. रोट फक्त त्या कुळातल्या माणसांनी खायचे. पाहुण्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, शिळे झाले तरी घरच्यांनीच संपवायचे.

"आणि जे घरी नाहीत त्यांचं?" मी विचारलं.

"त्यांच्या नावाची मूठ पडतेच," सारिका म्हणाली. "आबांचा एक मुलगा सुरतला, दुसरा कॅनडात. दोघांच्या पडल्या. त्यांच्या वाटचं आम्ही इथं खातो. म्हणजे हे खातात. मी नाही."

मला उलगडा झाला नाही. तिनं न चिडता सांगितलं. लग्नाआधी ती रोट खायची. सासरी गेली, त्या घरची झाली. तिथून परत आली, पण परत आलेल्या मुलीचं कुळ कोणतं, ते कुणी ठरवलेलंच नव्हतं. म्हणून कानबाईच्या दिवशी तिच्यासाठी साधी पोळी वेगळी करत.

"कॅनडातला दादा घरचा, आणि दळण आणणारी मी बाहेरची," ती म्हणाली. "मॅडम, मी मंगळवारी जाणार. जाण्याआधी माझ्या नावाची मूठ पडू दे, एवढंच म्हणते आहे. म्हणजे गेले तरी इथलीच राहीन."

हे ती नुसतं मला सांगत नव्हती. ओट्यावर पान लावत बसलेल्या वडिलांना ऐकू जाईल एवढा आवाज तिनं ठेवला होता.

नानांनी पान खाली ठेवलं. "माझं व्यक्तिशः काहीच म्हणणं नाही, बेटा," ते म्हणाले. "पण भाऊबंद आहेत, समाज आहे. समाजाची तयारी व्हायला हवी. एकट्या माणसानं काय होतं?"

मी आबांकडे मोठ्या आशेनं पाहिलं. समाज बदलायची तयारी तर त्यांचीच होती.

"हा दादाच्या घरातला प्रश्न शे," आबा नानांकडे बोट करत म्हणाले. "त्यानं हिंमत करावी. एकानं पाऊल टाकलं की समाज येतो मागे."

एका रात्रीत दोघांनी बाजूंची अदलाबदल केली होती. मी ते बोलून दाखवलं. नाना म्हणाले, इथं संदर्भ वेगळा आहे. आबा म्हणाले, व्यासपीठ वेगळं आणि ओटा वेगळा. एवढ्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एखाद्या मुद्द्यावर एकमत झालं असावं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. खुर्च्या आल्या. मला मध्ये बसवलं. समोर चार भाऊबंद जमले आणि सारिकेच्या मुठीवर रीतसर चर्चा सुरू झाली. एकानं परंपरेची पार्श्वभूमी मांडली. दुसऱ्यानं, आज हिला दिलं तर उद्या सगळ्या बहिणी मागतील, असं भय घातलं. आबांनी मधला मार्ग काढला, की सारिकेनं कॅनडातल्या दादाच्या वाटचा रोट त्याच्या वतीनं खावा.

"दुसऱ्याच्या नावाचं नको," सारिका दारातून म्हणाली आणि आत गेली.

मला तहान लागली होती, आणि खरं सांगायचं तर, माझी चिडचिडही होत होती. पाणी प्यायला मी आत गेले. सारिका मागच्या अंगणात पाठमोरी उभी होती. नानी डब्यातून गहू घेत होती. एक भरलेली मूठ, वर थोडे आणखी. ओठ हलले. "सारिका," एवढंच ती म्हणाली, हळू, पण स्पष्ट. मग ते गहू मिक्सरमध्ये फिरवले, पीठ चाळून परातीतल्या पिठात टाकलं आणि गुळाचं पाणी घालून सगळं एकत्र मळायला घेतलं.

मिक्सरच्या घरघराटानं बाहेर नानांना दोन वाक्यं थांबावं लागलं. बाईमाणसांना जरा पोच नाही, असं कुणीतरी म्हणालं.

नानीनं माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायले आणि खुर्चीवर जाऊन बसले. अध्यक्षाला गप्प बसायची सवय असतेच. त्या दिवशी तिचा उपयोग झाला.

संध्याकाळी आरती झाली, नैवेद्य झाला. मग पानं मांडली. रोटांची टोपली मधल्या पंगतीत होती, आणि खिडकीजवळ दोन ताटं वेगळी होती. एक माझं, परगावच्या पाहुणीचं. दुसरं सारिकेचं. दोन्हींत साध्या पोळ्या. मला तिच्याकडे बघवेना.

नानांनी घसा साफ केला. "चर्चेअंती असं ठरलं आहे," ते म्हणाले, "की पुढल्या वर्षी सगळ्या भाऊबंदांची बैठक घेऊन या विषयावर ठराव मांडावा."

"मांडा ना," नानी म्हणाली. ती वाढायला उभी होती. "पन तिनी मूठ पीठमा पडी गई. बठ्ठा रोटमा शे." (पण तिची मूठ पिठात पडली. सगळ्याच रोटांत आहे.)

कुणीच घास उचलेना. एका भाऊबंदानं हातातला रोट उलटा करून पाहिला; त्यात सारिका कुठे दिसते का, हे तो बघत असावा. आबा म्हणाले, "असं कसं करता येईल?" पण ते तर होऊन गेलं होतं. आता काय करायचं? नैवेद्य दाखवून झालेला. रोट टाकता येत नाहीत. गुरांना घालता येत नाहीत. दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. खायचे, एवढाच मार्ग नियमानं उघडा ठेवला होता.

"तू माले इचारं नई," नाना बायकोला म्हणाले. (मला विचारलं नाहीस.)

"तुम्हीन बठ्ठा बाहेर बोली ऱ्हायंतात," नानी म्हणाली. (तुम्ही सगळे बाहेर बोलत होतात.) "मी काय भाषन करस का? हाई मनी पोर शे." (ही माझी पोर आहे.)

तिनं टोपलीतून एक रोट उचलला, मोडला, अर्धा सारिकेच्या ताटात ठेवला आणि अर्धा स्वतः उभ्याउभ्याच खाल्ला. सारिकेनं घास घेतला. माझ्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, आणि त्या दिवशी भाजीत तिखट अगदी बेताचं होतं. थोड्या वेळानं आबांनी खायला सुरुवात केली, त्यांच्यामागून बाकीचे. नाना सगळ्यांत शेवटी.

सोमवारी सकाळी देवीला नदीवर पोचवलं. बायका गात होत्या, डफ वाजत होता, माझी चप्पल चिखलात अडकून तुटली. गावातल्या एकानं तार घालून ती जोडून दिली आणि त्याच चपलेवर मी धुळ्याच्या व्यासपीठावर चढले. सारिका आणि नानीही आमच्याबरोबर आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

नानांनी सुरुवातच रविवारच्या प्रसंगानं केली. एका व्यक्तीच्या निर्धारानं घराची रूढी कशी बदलते, हे त्यांनी असं रंगवलं की ती व्यक्ती स्वतः नानाच असावेत, असं सभागृहाला वाटलं. टाळ्या पडल्या. मग आबा उठले. तोच प्रसंग त्यांनी पुन्हा सांगितला, आणि सगळ्या पंगतीनं सामूहिकपणे रोट स्वीकारला, म्हणजे अखेर समाजच बदलला, असा निष्कर्ष काढला. त्यालाही टाळ्या पडल्या. नानी पदरानं चष्मा पुसत होती. तिचं नाव कुणाच्याच भाषणात नव्हतं.

"श्रोत्यांपैकी कुणाला प्रश्न?" मी विचारलं.

सारिका उभी राहिली. "दोन्ही वक्त्यांना विचारते. या वेळी आईनं मूठ नंतर घातली, तुम्हाला न सांगता. पुढच्या वर्षी मी इथं नसेन. शनिवारी, सगळ्यांसमोर, माझ्या नावाची मूठ पडेल का?"

उत्तराला प्रत्येकी दोन मिनिटं होती. आबा नानांकडे बघत राहिले. नाना ध्वनिक्षेपकाजवळ आले. मुलांसमोर, गावासमोर, मंत्र्यांसमोर बोललेला हा माणूस. त्यांनी "व्यक्ती आणि समाज" अशी सुरुवात केली आणि सोडून दिली.

"पडी, बाई," ते शेवटी म्हणाले. "तुनी मूठ पडी." (पडेल, तुझी मूठ पडेल.)

आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण भाषण संपलं की नाही, तेच लोकांना कळलं नाही. मला निकाल द्यायचा होता. 'दोन्ही बाजू तुल्यबळ' हे वाक्य तोंडापर्यंत आलं, पण नानी समोर बसली असताना ते बोलायची मला लाज वाटली. मी निकाल राखून ठेवला. संयोजक नाराज झाले. करंडक बहुधा अजून त्यांच्याच कपाटात असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी पुण्याला परतले. सारिका त्याच सकाळी सुरतेला गेली. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "सुधारलं का जग?" मी म्हटलं, "एका घरात थोडंसं." त्यावर तो हसला आणि मला राग आला. थोडंसं म्हणजे किती लागतं, कोण कुणाला न विचारता उठतं, आणि बोलणारे बोलत असताना ते काम कसं उरकून जातं, हे त्याला समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. माझं भाषण लांबलं. मध्येच तो उठला आणि चहा टाकून आला.

पुढच्या श्रावणात नानांचा फोन आला. नवा विषय ठरला होता, मला अध्यक्ष म्हणून यायचं होतं. विषय मी नीट ऐकलाही नाही.

"मूठ पडली का?" मी विचारलं.

"पडली. शनिवारी, सगळ्यांसमोर. हिनं हात पुढे केला होता, पण नाव मी घेतलं."

"आणि सारिका आली होती?"

"तिला रजा मिळाली नाही."

"मग तिच्या वाटचा रोट?"

नानांना साखरेचा त्रास आहे, हे मला ठाऊक होतं.

"तो मी खाल्ला," ते म्हणाले. "पुरा. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."