जो भरेल, त्यानेच उडवायचं

रिकामी काडतुसं आणि घरातले किस्से, दोन्ही मला फेकवत नाहीत. कोनाड्यात साठत जातात. साफसफाईला काढले की आधी हसू येतं, मग राग!

आमचं शेत सोनिवलीला. भाताचा एकच तुकडा, वर्षाचं खाणं त्यातून. एका साली रानडुकरांनी तो असा उकरून ठेवला की दिवाळीपासूनच विकतचा तांदूळ! म्हणून आमच्या ह्यांनी परवान्याची बंदूक घेतली. नव्या काडतुसांसाठी दर वेळी मुंबई कोण गाठणार? उडवलेली पितळी काडतुसंच घरी परत भरायची ठरलं. शिकवायला उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला लीलूदादा. सिंधी म्हातारा, फाळणीआधी तिकडे सिंधमध्ये शिकारी होता, इथे निर्वासितांच्या बराकीत राहायचा. हे आणि शेजारचे दामूभावजी शिकायला निघाले. मी चौथी पास, पण ह्यांच्या हातावर विश्वास नाही, म्हणून मीही निघाले!

दादाचे नियम दोनच. "साईं, बारूद के सामने बीडी नहीं. और जो भरेगा, वही चलाएगा!"

पहिल्याच दिवशी ह्यांचा हात सवयीने कानावरच्या विडीकडे गेला. काडी ओढायच्या आत दादाने अख्खी घागर ह्यांच्या डोक्यावर रिकामी केली. ऐन वैशाखात हे चिंब भिजून बाहेर आले. कॅम्पात पाण्याची मारामार. बायका ओरडल्या, "पानी आया? कौनसे नल पे?" आणि बादल्या घेऊन धावल्या की हो!

बंदुकीची दारू मोजायला दादाने पितळेचं छोटं माप दिलं होतं. दामूभावजी म्हणाले, "माप कशाला वहिनी? आपला अंदाज पक्का असतो."

"भावजी, तुमच्या अंदाजाने बांधलेली गोठ्याची भिंत गाईने पाठ घासली तर पडली. माप घ्या!"

ह्यांनी माप घेतलं, पण तोंड बंद ठेवलं नाही. गप्पांच्या नादात एका काडतुसात ठिणगीची टोपी बसवली, छर्रे भरले, दारूच विसरले! शेतात डुकरावर नेम धरला. टिच्! नळी खाली केली तर छर्रे घरंगळून ह्यांच्याच पायावर. डुकराने मान वर करून बघितलं आणि परत खायला लागलं.

घरी येऊन म्हणतात, "बहिरं होतं ते."

त्या दिवसापासून मी माझा डबा वेगळा केला. माझी काडतुसं हिंगाच्या डब्यात, ह्यांची बिस्किटाच्या. दादाने माझं एक काडतूस उलटसुलट करून पाहिलं, मला बहीण मानून सिंधीत म्हणाला, "भेण, तू उस्ताद!" हे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गावात मात्र सांगायचे, "भरतो मी. ती नुसता केर काढते."

दारू आणि छर्रे यांच्या मधे पुठ्ठ्याची गोल चकती लागते. ह्यांनी छान जाड पुठ्ठा बघून माझ्या भाचीची लग्नपत्रिकाच कापली. आम्ही आहेर घेऊन वांगणीला पोचलो, तर मांडव सोडत होते!

बहीण कडाडली, "तारीख वाचता येत नाही?"

म्हटलं, "येते गं. पण ती परवा ह्यांनी डुकरावर उडवली."

मग भात पिकलं. उद्या कापणी, आणि तिन्हीसांजेला मोठा डुक्कर बांध ओलांडून सरळ पिकात! हे, मी, दामूभावजी, तिघंही दोन्ही डबे घेऊन बांधाआड. ह्यांनी काडतूस घातलं, मग बाहेर काढून निरखलं.

"कुणाच्या डब्यातलं?"

"तुमच्या."

ह्यांनी ते खिशात टाकलं. मग हळूच म्हणाले, "तुझं दे."

एकाच बारात डुक्कर आडवा! भात वाचलं. दामूभावजी खूश. म्हणाले, "उद्या माझ्या शेतात राखणीला बसतो. बंदूक आहे, काडतुसं संपलीत. दोन देतोस?" आणि त्यांनी बिस्किटाच्या डब्यात हात घातला.

ह्यांनी तो हात घट्ट धरला.

"त्यातली नको रे दामू. तुला पोरंबाळं आहेत."