रेवणप्पाचा डावा पाय

सात रस्त्याच्या मागच्या बोळात राजाबाईची ख्याती भलत्याच कारणानं होती. कुणाच्या हातात मोबाईल दिसला, की ही बाई विचारणारच, "बाबा, ह्यात मेंढराच्या रोगाचं हलतं चित्र लागतंय का? लंगडा धनगर हाय त्यात." रिक्षावाल्याला विचारलं, गॅसची टाकी आणणाऱ्याला विचारलं, एकदा तर पोराच्या, कुमारच्या साहेबालाही विचारून झालं. कुमारनं कपाळावर हात मारून घेतला. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्या कार्टूनमध्ये राजाबाईचा बाप होता, आणि तो शेवटी घरी येतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

बाप रेवणप्पा मंगळवेढ्याकडच्या माळावरचा. लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडला, तेव्हापासून डावा पाय ओढून टाकायचा. राजाबाई एवढीशी असताना त्यांच्या मेंढरांच्या तळावर एक सरकारी चित्रकार आला. काटकुळा, चष्मेवाला. मेंढरांना लस टोचून घ्या, असं खेड्यापाड्यांत सांगायला कार्टून काढायचं होतं म्हणे.

"माजं तोंड झ्याक काढा की सायेब," रेवणप्पा मिशीला पीळ देत म्हणाला.

"तोंडाचं राहू द्या हो, तुम्ही चालून दाखवा," असं म्हणून त्या बाबानं त्याला दुपारभर तळावर येरझाऱ्या घालायला लावल्या. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या.

त्याच साली रेवणप्पा मेंढरं घेऊन भीमेपलीकडं कर्नाटकात गेला, तो गेलाच. मेंढरं परत आली, कुत्रं आलं, सोबतचे गडी आले. तापानं गाठलं, तिकडंच माती दिली, म्हणाले. फोटो? कुणाचा फोटो अन् कुठला फोटो! पुढच्या उन्हाळ्यात गावात जीप आली, शाळेच्या भिंतीवर पांढरं कापड ताणलं, आणि त्या कापडावर रेवणप्पा डावा पाय ओढत चालायला लागला. "आरं, रेवणप्पा की ह्यो!" म्हणत अख्खं गाव खो खो हसलं. आई बजाबाईनं राजाबाईला खसकन काखोटीला मारलं आणि घर गाठलं. कापडावरचा बाप तेव्हा लस आणायला नुकता निघाला होता. पुढचं बघायचं राहूनच गेलं. आईला विचारायची सोय नव्हती. ती मरेपर्यंत दिवस मावळला की वाटेकडं तोंड करून बसायची.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नातीनं, प्रियंकानं, ते कार्टून हुडकून काढलं. कुणा भल्या माणसानं जुन्या सरकारी फिल्मा नेटवर टाकल्या होत्या. "आज्जी, पळ लवकर! तुझा लंगडा धनगर घावला!" राजाबाई भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातानंच धावली.

आणि बघता बघता तिचं डोकं फिरलं. "आगं बया! ही मेंढरं हायती का कापसाच्या गाद्या?" आपल्याकडची मेंढरं काळीभोर, आणि ही दुधात बुचकळून काढलेली. एकच बाभूळ पुन्हा पुन्हा मागं पळत होती. कुत्रं भुंकत होतं, पण तोंड मिटून. रेवणप्पाचा चेहरा म्हणजे भुईमुगाच्या शेंगेला मिशी चिकटवलेली. वर बोलतोय काय, तर "अरे देवा, माझ्या मेंढ्या आजारी पडल्या!"

"ह्यो कुनाचा आवाज बसवलाय बाच्या तोंडात? पुन्याचा मास्तर हाय का काय?" राजाबाई कडाडली. प्रियंका हसून लोळायची बाकी राहिली.

मग एका मेंढीनं कोकराची शेपटी हुंगली, आपलंच आहे याची खात्री केली आणि तेव्हा कुठं त्याला कासेला लागू दिलं. कुत्र्यानं बसायच्या आधी जागच्या जागी गिरकी घेतली. राजाबाईची बडबड थांबली. "बगत हुता गं त्यो मानूस," ती पुटपुटली. "नीट बगत हुता."

आणि रेवणप्पा निघाला. उजव्या हातात काठी, डावा पाय ओढलेला, आणि पाय टाकताना खांद्याला बसणारा एक बारीक हिसका. तो हिसका राजाबाई साफ विसरली होती. बापाच्या खांद्यावर बसून माळ हिंडताना तो तिला पावलागणिक बसायचा! चेहरा त्याचा नव्हता, आवाज त्याचा नव्हता, पण चालत होता तो बापच.

"म्होरं बगू," ती म्हणाली. "येतो का बग घरला."

आला की. लस घेऊन खुशाल परत आला. दूरवर घर दिसायला लागलं. राजाबाई मोबाईलवर वाकली आणि एकदम मागं सरली.

"ह्यो बा न्हवं."

"अगं, तोच आहे की!"

"पाय बग. उजवा वडतोय. काठी डाव्या हातात. ह्यो दुसराच कोन तरी हाय."

प्रियंकानं मागं-पुढं करून बघितलं, तर म्हातारीचं खरं होतं. "आज्जी, तेव्हा एकेक चित्र हातानं काढायचे. किती काढणार? जातानाचीच चित्रं उलटी करून येतानाला वापरली असतील."

"म्हंजे जाताना बा हाय, आन् येताना न्हाय." राजाबाई चुलीकडं वळली. तव्यावरची भाकरी करपली होती. "बरं झालं आय तवा उटून गेली. तिनं पाय वळकला असता."

प्रियंका मोबाईल घेऊन उठली. कोपऱ्यात बसून बराच वेळ मोबाईलवर बोटं चालवत राहिली. मग आजीच्या शेजारी येऊन टेकली. परतीचा तेवढाच तुकडा तिनं कापला होता आणि आरशात धरल्यासारखा उलटा केला होता.

रेवणप्पा घराकडं येत होता. काठी उजव्या हातात. डावा पाय ओढलेला. खांद्याला तो हिसका. दारापर्यंत आला, तुकडा संपला, आणि आपोआप पहिल्यापासून लागला. पुन्हा आला. पुन्हा आला. त्यात जाणं नव्हतंच, नुसतं येणं.

राजाबाईनं पिठाचा हात त्याच्यावरून फिरवला, तशी काच पांढरी झाली. तिला रडू आवरेना.

"लई उशीर केलास बा," ती म्हणाली. "आय वाट बगून बगून गेली की."