काकड्या तोडेपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतक्या गाड्या जगात कुणी चुकवल्या नसतील, आणि त्यातली एकही त्यांची स्वतःची नव्हती. ते कधी कुठे जातच नसत. चुकायच्या त्या आम्हा पाहुण्यांच्या. त्यांच्या उंबरमाळीला तेव्हा धड फलाटही नव्हता. खडीत उतरायचं आणि खडीतूनच वर चढायचं. थांबणाऱ्या गाड्या थोड्या, एक चुकली की अर्धा दिवस गेलाच म्हणायचा. पाहुणा चपला घालून अंगणात उतरला, की यांना आठवण व्हायची. "रिकाम्या हातानं कुठं जाता पावनं? बसा, काकड्या तोडून आनतो. गाडी काय पळून जात नाय." मग टोपली घेऊन माळावरच्या वेलांकडे जे जात, ते कसाऱ्याकडून गाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत परतत नसत. बायको गेल्यावर तर नुसत्या काकड्यांवर भागेना. शिराळी आली, भेंडी आली. शेणव्याचे एक नातलग इथूनच कल्याणला लग्नाला निघाले होते. ते पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि त्यांच्या काखेत दोन भोपळे होते. मी नोकरीनं आधीच दमलेला, त्यात दर खेपेला कचेरीत खाडा. मला त्यांचा मनापासून राग यायचा, आणि भोळ्या माणसाला बोलता येत नाही म्हणून जास्तच यायचा.

मग त्यांच्या धाकट्या मुलीला कल्याणच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. पहिल्या दिवशी वेळेवर हजर झाली नाही तर जागा दुसरीला, असं बजावलं होतं. मीही त्याच गाडीनं परतणार होतो. बहिणीनं आदल्या संध्याकाळी टोपलीच लपवून ठेवली. सकाळी पाहतो तर सासरे आंघोळ करून ओट्यावर बसलेले, शेजारी काकड्यांनी भरलेली पिशवी.

"कधी तोडल्या?" मी विचारलं.

"काल दुपारी. आज तोडाया गेलो असतो तर पोरीची गाडी गेली असती," ते खाली बघत म्हणाले.

म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. मला राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं.

गाडी आली. त्यांनी मुलीला हात देऊन वर चढवलं, पिशवी दिली. मी दांडीला हात घातला, तसे हळूच म्हणाले, "पावनं, तुमची पिशवी भरायची ऱ्हायलीय."

मी दांडी सोडली. गाडी गेली, आणि आम्ही दोघं हळूहळू माळाकडे चालू लागलो.