कुलूप लावल्यापासून

अमेरिकेतल्या नोव्हायहून नागपूर किती तास, हे बाबा दर फोनला विचारत. मी ठरलेलं उत्तर देई, "सतरा-अठरा."

"हे विमान हवेत असतं तेवढे. मधे बाकड्यावर बसतोस ते कोण मोजणार? तुझ्या दाराला कुलूप लावल्यापासून माझ्या दारात चपला काढेपर्यंत मोज."

"मोजतो," म्हणायचो आणि पुढच्या वेळी पुन्हा सतरा-अठरा. घरोघरचे पदार्थ आणून होणाऱ्या इथल्या पॉटलकमध्ये आम्ही पुरुषमंडळी पुलावाच्या प्लेटा धरून कुणाचा लेओव्हर, म्हणजे विमान बदलतानाचा थांबा, सगळ्यात कमी यावर तावातावाने बोलतो. मी त्यातला मान्यवर. नोकरी मात्र गाड्यांचे ब्रेक तपासण्याची.

मागच्या मार्चमध्ये ताईचा फोन आला. "बाबांना ॲडमिट केलंय. तुझं नाव काढतायत. नीघ."

त्या दिवशी मिळालं ते तिकीट घेतलं. फ्रँकफर्टला एवढा मोठा थांबा, की पॉटलकमध्ये सांगायची सोय नव्हती. बायकोने हातावर दही ठेवलं. तीही विमानतळावर सोडायला येणार होती, म्हणून दाराला कुलूप लावलं आणि पहिल्यांदाच घड्याळात पाहिलं. बाबांना या वेळी खरा आकडा सांगायचा होता.

डेट्रॉइटच्या गेटवर ताईचे फोनवर फोन. "कुठवर आलास? आधीचं विमान नाही का मिळत?"

"अगं, मी चालवत नाहीये ते."

"तेच बरं. तू ब्रेकच दाबत बसला असतास."

फ्रँकफर्टला उतरल्याउतरल्या मीच फोन केला. अजून बराच वेळ इथे बसायचंय, हे कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. ताई म्हणाली, "बरे आहेत. तू सावकाश ये. काहीतरी खाऊन घे."

जन्मात कधी मला 'सावकाश' न म्हणालेली बहीण. आपल्याकडे वाटेत असलेल्या माणसाला ती बातमी सांगत नाहीत. मीही विचारलं नाही. "हो, खातो," म्हणालो. आणि तिला कबूल केलं म्हणून खरंच एक पाव विकत घेतला, बाकड्यावर बसून शेवटपर्यंत खाल्ला.

पुढच्या विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता, उरलेलं अंतर होतं. एरवी मी तो डोळ्यांपुढून हलू देत नाही. त्या दिवशी बंद केला.

नागपूरला दारात चपलांचा एवढा खच होता, की माझे बूट पायरीवरच काढावे लागले. सगळे माझ्यासाठी थांबले होते. ताई पुढे आली. "अरे, तुला मुद्दामच..."

"कळलं होतं गं."

आई बाबांच्या उशाशी बसली होती. जरा सरकून तिने मला जागा करून दिली. मग म्हणाली, "किती तास लागले रे?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"मला नको. त्यांना सांग. कुलूप लावल्यापासूनचे."

मी बाबांच्या कानाशी वाकलो आणि बाकड्यावरचे धरून सगळे सांगितले.