मुलीला बघायला आलेला फुटबॉलवाला

मुलगी पंधरा वर्षांची, आणि तिला बघायला एडिनबराहून एक माणूस घरी येणार होता. हे फोनवर सांगितलं तेव्हा पुण्याहून आई म्हणाली, ‘पंधराव्या वर्षी?’

‘अगं, फुटबॉलसाठी,’ मी घाईने म्हणालो. ‘क्लबच्या मुलींच्या टीमसाठी खेळाडू शोधतो तो.’

‘मग मैदानावर बघावं. घरी कशाला?’

ते मलाही कळलं नव्हतं; मैदानावर तर तो तिला एकदा बघूनही गेला होता. आम्ही राहतो त्या दक्षिण स्कॉटलंडच्या खेड्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि शिस्तही त्यांनाच जास्त. मेंढ्या विण्याच्या दिवसांत शाळेच्या टीममधल्या निम्म्या मुली शेतावर राबतात आणि मॅच रद्द होते. अशा मुलखात खेळाडू शोधत फिरणाऱ्याची मला आधीच दया येत होती. त्याच्या क्लबने मात्र एक गुळगुळीत पुस्तिका पाठवली होती. तिच्यात ‘व्हिजन’ आणि ‘एलिट’ इतक्या वेळा आलं होतं की फुटबॉल शोधावा लागला.

शनिवारी सकाळी बायको कांदा चिरायला बसली.

‘पोहे नको,’ मी म्हणालो. ‘उगाच तसं वाटेल.’

‘त्याला काय कळतंय?’

‘आपल्याला कळतंय ना.’

पोहे झालेच. माणूस पन्नाशीचा, जाडसर, भिजलेल्या जॅकेटातला. आमचे बूट दारात बघून त्यानेही काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. व्हिजन ते हेच असावं. मुलगी जिन्यात बसून ऐकत होती.

‘तिचा डावा पाय बरा आहे,’ तो म्हणाला. चेहरा असा, की एक्स-रे बघून सांगतोय.

एवढ्यासाठी हा इतक्या लांबून आला? मला काही उमगेना. पण परक्याने आपल्या मुलांचं कौतुक केलं, कितीही बेताचं असो, की ते लगेच खाली आणायचं, हे अंगात मुरलेलं. ‘छे हो,’ मी म्हणालो. ‘परवाचा गोल तर समोरची मुलगी चिखलात घसरली म्हणून झाला.’

‘आणि घरात स्वतःचे मोजेसुद्धा उचलत नाही,’ बायकोने भर घातली. ‘सकाळी तर उठतच नाही.’

त्याचा चमचा हवेतच थांबला. ‘उठत नाही?’

‘अजिबात नाही,’ बायको कौतुकाने म्हणाली.

मग हिवाळ्यातल्या रस्त्यांवरून तिला सरावाला आणाल का, असं त्याने विचारलं. मागे एका मुलीचे वडील हौसेने हो म्हणाले आणि पहिला बर्फ पडताच दिसेनासे झाले म्हणे. मी म्हणालो, ‘बघू या.’ फार उतावीळ दिसायला नको. त्याने पोहे संपवले, मंगळवारी सराव असतो एवढं सांगितलं आणि बूट चढवले.

गाडी वळल्याबरोबर जिन्यातून मुलीचा तिच्या मोडक्या मराठीत आवाज आला. ‘बाबा, तू असं का बोलला? माझी चान्स गेली!’

‘अगं, असं बोलायची पद्धत असते.’

‘मग मी चांगली खेळते, ते खरं नाही?’

‘खरं आहे.’

‘मग त्याला का नाही सांगितला?’

मी इंग्रजीतून समजावू लागलो, आणि मलाच ते वेड्यासारखं वाटलं. ती मंगळवारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तरी मंगळवारी आपणहून गाडीत येऊन बसली. सगळा रस्ता एका ट्रॅक्टरच्या मागून गेलो.

मैदानाच्या कुंपणापाशी तो माणूस आम्हाला बघून दचकलाच.

‘तुम्हाला तिला पाठवायचंच नाही असं वाटलं मला.’

‘आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला ती फारशी आवडली नाही.’

‘डावा पाय बरा आहे, म्हणालो की!’ तो दुखावला होता. ‘एवढं मी कुणाच्या घरी बोलत नाही.’

एकच जागा शिल्लक होती, आणि आमचा नकार समजून त्याने आणखी एका मुलीला विचारून ठेवलं होतं. ‘तेव्हा आता सरळ सांगा. चांगली आहे का ती?’

मुलगी शेजारी उभी राहून बुटाची नाडी बघत होती. नाडी नीटच बांधलेली होती.

‘चांगली खेळते,’ मी म्हणालो.

‘म्हणजे?’

‘म्हणजे... फार चांगली.’ चारचौघांत सदरा काढल्यासारखं वाटलं.

त्याने काखेतला निळा बिब, म्हणजे सरावाची बिनबाह्यांची बंडी, तिच्याकडे फेकला. तो अंगात घालून ती पळालीसुद्धा. बिब आम्ही आलो तेव्हापासूनच त्याच्या काखेत होता, हे मला नंतर आठवलं. मग माझ्याकडून वदवून घ्यायचं काय कारण होतं?

घरी आल्यावर बायकोने विचारलं, ‘घेतलं का तिला?’

‘बहुतेक. गुरुवारी परत बोलावलंय.’

‘बहुतेक म्हणजे काय? आईंचा दोनदा फोन आला. काय सांगू त्यांना?’

‘सांग, मुलगी पसंत आहे म्हणून.’

‘आणि आपल्याला तो?’

मी आत डोकावलो. मुलगी निळ्या बिबमध्येच स्वयंपाकघरात उभी राहून कुकरमधला भात खात होती. मोजे दारात पडले होते.