थोरल्या आजीचं ताट

महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी प्रताप नगरच्या त्या घरात सोळा भाज्या होत, आंबील होई, आणि देवीसमोरच्या ताटांखेरीज एक ताट स्वयंपाकघराच्या दाराशी वेगळं वाढलं जाई. थोरल्या आजीचं, म्हणजे इंदुताईंच्या सासऱ्यांच्या आईचं. त्या ताटाला कुंकवाचं बोट लावायचं नाही, एवढंच सासूबाई सांगून गेल्या होत्या. म्हातारी विधवा असेल असं धरून इंदुताईंनी एकतीस वर्षं ते पाळलं.

यंदा ताट नव्या सुनेच्या, करिष्माच्या हातानं वाढायचं होतं. तिनं विचारलं, "आई, या ताटाले कुंकू काहून नाही?"

खात्री करून घ्यावी म्हणून इंदुताईंनी कोराडीला नणंदेला फोन लावला. कुसुमताई आधी हसल्याच.

"विधवा? तुले कोणी सांगतलं वं? चांगली नवऱ्याच्या खांद्यावर गेली थे. मोमिनपुऱ्यातली होती, अमीनाबी. इकडं आल्यावर अन्नपूर्णा केलं तिचं."

"मंग कुंकू?"

"कोणी म्हणे तिनंच कधी लावलं नाही. कोणी म्हणे, सासूनं लावू देलं नाही. मले काय माहीत! मी तवा पाळण्यात होती."

"अन् शेवटी जाळलं का पुरलं?"

"थे तर बाबानंही कधी सांगतलं नाही."

इंदुताईंनी फोन ठेवला. सवाष्णीला एकतीस वर्षं कुंकवाविना जेवू घातलं असेल, तर केवढा अपमान. आणि तिला ते नकोच असेल, तर आज बोट लावणं ही मेल्यावरही बळजबरीच. समोर स्वानंद केळीची पानं पुसत होता. त्या आपल्याच मुलाचं नाक परक्यासारखं न्याहाळत राहिल्या. हे कुणाकडून आलं?

"आई, पाहुणे खोळंबले. लावू का?"

इंदुताईंनी करिष्माच्या हातातला कुंकवाचा करंडा घेतला, उघडला आणि ताटाशेजारी नुसता ठेवून दिला.

"हे काय, सेल्फ सर्व्हिस?" करिष्मा म्हणाली.

इंदुताईंना हसू आलं नाही. ओंजळीत पाणी घेऊन त्या ताटासमोर बसल्या. यंदा तरी नाव घेऊन नैवेद्य दाखवावा म्हणून त्यांनी ओठ उघडले. कुठलं नाव घ्यावं ते कळेना, आणि पाणी बोटांतून गळत राहिलं.