दसऱ्याचं कुंकू आणि अडकलेला चाप

ये गं, जवळ बस. आल्याआल्या घड्याळ काय बघतेस? आज कपाट उघडलं, बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि आठवलं. हे हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर इथे इंग्लंडात स्लाऊ गावाजवळच्या क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला जायचे. हौसेनं नवी बंदूक घेतली, तर तिचा चाप पहिल्या दिवसापासून अडकायचा. क्लबची मॅच तोंडावर आलेली, म्हणून मीच बंदुकीच्या कंपनीला फोन केला. तासभर तेच तेच गाणं ऐकवून तिथली मुलगी म्हणाली, "चापाचा फोटो पाठवा." आदल्याच दिवशी दसरा झालेला, आणि शस्त्रपूजेचं चापावर लागलेलं हळदकुंकू मी ह्यांना पुसू दिलं नव्हतं. फोटो बघून ती म्हणते, "सॉरी मॅडम, गंज दिसतोय, वॉरंटी मिळणार नाही." "अगं, गंज कसला? पूजा केलीय!" "बंदुकीची?" हे शेजारून करवादले, "आता आरतीही म्हणून दाखव तिला!" शेवटी जिथून घेतली त्या दुकानदारानं बंदूक उघडली, तर आतली स्प्रिंगच कारखान्यातून वाकडी आलेली. बंदूक बदलून मिळाली, पण मॅच हुकली आणि हे आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. आता हे नाहीत, बंदूकही दुकानदाराला परत दिली. घरात माझ्यावर चिडायलासुद्धा कुणी नाही गं. पुढच्या वेळी इतके दिवस लावू नकोस, लवकर ये परत.